सरड्याची धाव काचेपर्यंत

मागच्या एप्रिलात माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा पुण्याहून मित्राच्या गाडीतून आमच्याकडे आला, तेव्हा त्याच्या मांडीवर एक खोका होता आणि डिकीत एक काचेची पेटी. खोक्यात कॅमेलियन. हिरवागार, वीतभर अंग, जवळजवळ तेवढीच शेपटी, डोक्यावर टोपासारखा उंचवटा आणि दोन दिशांना फिरणारे दोन डोळे. "मावशी, दोन महिने सांभाळशील का? मला बंगळुरूला जायचंय आणि तिथे राहायच्या जागी हे ठेवू देत नाहीत." मी काही बोलायच्या आत त्याने दुसरा प्रश्न टाकला, "तू फक्त एवढं सांग, हीच काचेची पेटी राहू दे की जाळीचा पिंजरा करून घेऊ? आमच्या ग्रुपमध्ये यावरून नुसती भांडणं चाललीत."

त्या भांडणाबद्दलच मला आज लिहायचंय. मी कोणत्या बाजूची ते आधीच सांगून टाकते, म्हणजे कुणाचा गैरसमज नको. मी जाळीच्या बाजूची. पण दोन महिने तो जीव सांभाळल्यावर माझं असं मत झालंय की, हे भांडण चालू ठेवण्यात पाळणाऱ्यांची एक सोय आहे. जाळी की काच यावर रात्र रात्र वाद घालणाऱ्याला "मुळात आणलंस कशाला?" हे कुणी विचारत नाही. वाद घालणारा माणूस काळजीवाहू दिसतो ना!

आता दोन्ही बाजू ऐका. काचवाले म्हणतात, काचेत ओलावा टिकतो, ऊब टिकते, किडे बाहेर पळत नाहीत, आणि दिवाणखान्यात शोभून दिसतं. जाळीवाले म्हणतात, हा झाडावर राहणारा जीव, त्याला खेळती हवा हवी. कोंडलेल्या दमट हवेत त्याच्या छातीत कफ धरतो. आणि काचेत स्वतःचं प्रतिबिंब दिसलं तर दुसरा कॅमेलियन समजून तो अंग फुगवतो, रंग गडद करतो, झुरतो. दोघांचंही थोडं थोडं खरं आहे. जिथे हिवाळ्यात घरं हीटरने कोरडी होतात अशा थंड देशात, वर जाळी आणि समोर खाली हवेच्या फटी असलेली काचेची पेटी बरी पडते. दमट, उबदार गावात जाळी बरी. म्हणजे उत्तर गावावर अवलंबून आहे. मग आमच्या बुऱ्हाणपुराचं उत्तर काय?

बुऱ्हाणपूर म्हणजे तापीकाठचं गाव. एप्रिल-मेमध्ये पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला टेकतो, दुपारी झळा अशा की, यंत्रमागाच्या गल्लीत कुत्रंसुद्धा दिसत नाही. भाच्याने पेटी उत्तरेच्या खोलीत ठेवली होती. चौथ्या दिवशी सकाळी मोलकरणीने झाडता झाडता ती जराशी सरकवली, पूर्वेच्या खिडकीजवळ. मी देवळातून परत येईपर्यंत अर्धा-पाऊण तास गेला असेल. येऊन पाहते तर तो जीव पेटीच्या कोपऱ्यात फांदीला लटकलेला, तोंड आ वासून, अंगाचा रंग पार फिकट, जवळजवळ पांढरा. पेटीत हात घातला तर भट्टीत घातल्यासारखा वाटला. उन्हात बंद करून ठेवलेली मोटार आठवा. ऊन काचेतून आत येतं, ऊब बाहेर जात नाही. अजून अर्धा तास गेला असता तर मी भाच्याला काय सांगितलं असतं?

मी त्याला बाहेर काढून गारव्याला ठेवलं, समोर धरलेल्या पानांवर पाण्याचे तुषार मारले. वाडग्यातलं पाणी त्याला पाणी म्हणून कळतच नाही; पानावरून ओघळणारे थेंब तेवढे तो चाटतो. दहा-पंधरा मिनिटांनी जीभ बाहेर आली. त्या दिवशी मी काचेच्या विरोधात गेले, आणि अजून आहे.

काचेविरुद्धचा खरा मुद्दा नुसत्या उकाड्याचा नाही. या प्राण्यांना उन्हातला अतिनील किरणांचा एक विशिष्ट भाग लागतो. तो मिळाला तरच त्यांच्या अंगात ड जीवनसत्त्व तयार होतं आणि खाल्लेलं कॅल्शियम हाडात जातं. तो नाही मिळाला की, हाडं मऊ पडतात, पाय वाकतात, जबडा लुळा होतो, आणि बोटांची पकड सुटून तो फांदीवरून पडतो. साधी काच नेमका तोच भाग अडवते. म्हणजे काचेत ठेवलेला कॅमेलियन खिडकीत बसवला तरी त्याला ऊन मिळत नाही. मिळते ती फक्त उष्णता. मग त्यासाठी विजेचा खास दिवा आणा, तो ठरावीक महिन्यांनी बदला, कारण दिवा जळताना दिसला तरी त्यातले ते किरण संपत आलेले असतात. पाणी प्यायला थेंब यंत्राचे, ऊन दिव्याचं, पान प्लॅस्टिकचं. आणि हे सगळं कुठे? जिथे सूर्य फुकट आणि भरपूर आहे त्या निमाड-खानदेशात!

जाळीचा पिंजरा सकाळी सातला गच्चीवर नेता येतो. अर्धा उन्हात, अर्धा सावलीत; कुठे बसायचं ते त्याचं तो ठरवतो. काचेची पेटी उन्हात नेता येत नाही, नेली तर चिता होते. माझ्या लेखी या वादाचा निकाल इथे लागला. काच कुणासाठी असते? बघणाऱ्यासाठी. सोनाराच्या दुकानात काच असते, मिठाईच्या दुकानात काच असते. आत जे आहे ते आपल्याला नीट दिसावं आणि आपला हात-धूळ त्याला लागू नये, एवढंच काचेचं काम. आत जिवंत काही ठेवलं तर काच आपला स्वभाव कसा बदलेल?

आमच्या गल्लीतल्या सुताराकडून मी सागाच्या पट्ट्यांची चौकट करून घेतली, पुरुषभर उंच, कारण हा जीव खाली पसरत नाही, वर चढतो. जाळी बसवतानाही दोनदा चुकले. आधी नायलॉनची मच्छरजाळी लावली, ती खाण्यासाठी सोडलेल्या रातकिड्यांनी दोन रात्रींत कुरतडली. मग उघड्या तारेची लावली, तिच्यात त्याची नखं अडकायला लागली. शेवटी प्लॅस्टिकचा लेप असलेली तारेची जाळी मिळाली. आत जास्वंदीची कुंडी ठेवली, मनी प्लँट सोडला, वर बाटली टांगून सलाईनच्या नळीने पानांवर थेंब थेंब पाणी सोडलं. आणि जाळीवाल्यांनो, तुम्हीही जरा ऐका. मे महिन्यात तुमच्या जाळीतून झळा आरपार गेल्या आणि दोन दिवसांत जास्वंदीची पानं कुरकुरीत झाली. शेवटी तीन बाजूंना प्लॅस्टिकचा कागद लावावा लागला, पहाटे आणि दिवेलागणीला तुषार मारावे लागले. म्हणजे जाळीतसुद्धा मी थोडी काच उभी केलीच. जाळी म्हणजे जंगल, असं म्हणणाऱ्यांनी एक मे महिना बुऱ्हाणपुरात काढावा.

एवढं केल्यावर मला वाटलं, झालं, जमलं. जूनच्या पहिल्या आठवड्यात त्याने खाणं सोडलं. दिवसभर पिंजऱ्याच्या तळाशी फिरायचं, कोपरे ओरबाडायचे, परत वर, परत खाली. गावातल्या डॉक्टरांना गाई-म्हशी आणि कुत्री ठाऊक. त्यांनी प्रामाणिकपणे हात जोडले. भाच्याला फोन लावला. त्याने चार ठिकाणी विचारून रात्री कळवलं, "मावशी, तो तो नाहीये. ती आहे. तिला अंडी घालायचीत." नर नसला तरी या जातीची मादी अंडी धरते, अफळ अंडी, आणि ती घालायला तिला ओली माती लागते, खोल, उकरता येईल अशी. माती मिळाली नाही तर ती अंडी अंगातच धरून बसते आणि त्यातच मरते.

रात्री साडेदहाला आम्ही घमेल्यात तापीची वाळू आणि बागेतली माती कालवली, आत ठेवली, वर चादर टाकली, कारण कुणी बघत असलं तर ती उकरत नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत ती डोक्यापर्यंत मातीत गेली होती. चौथ्या दिवशी वर आली ती चिपाडासारखी झालेली, डोळे खोल गेलेले. मातीत एकोणचाळीस अंडी निघाली.

त्या चार दिवसांत मला जाळी आणि काच या दोन्ही शब्दांची चीड आली. सहा महिने ही मुलं भिंत कशाची असावी यावर भांडत होती, आणि आत कोण आहे, नर की मादी, हेसुद्धा त्यांना ठाऊक नव्हतं. तिला लागत होती ती माती. तिचा प्रश्न भिंतीचा नव्हताच, जमिनीचा होता.

आता खाण्याचं. हे लिहायला मला जड जातंय, पण टाळलं तर लबाडी होईल. आमच्याकडे पाणी गाळून पितात, सूर्यास्तानंतर चूल पेटत नाही, कंदमुळं येत नाहीत. त्या घरात मी दोन महिने एका डब्यात रातकिडे पाळले. त्यांना गाजर घालतात म्हणे. आमच्याकडे गाजर येत नाही म्हणून दुधी घातला. आणि रोज सकाळी त्यांतले पाच-सहा मोजून, कॅल्शियमची पूड लावून, त्या पिंजऱ्यात सोडले. तिची जीभ अंगाच्या दीड-दोनपट लांब सुटते. डोळ्याचं पातं लवायच्या आत किडा गेलेला असतो. सासूबाईंनी पहिल्या दिवशी पाहिलं आणि त्यानंतर त्या खोलीत पाऊल टाकलं नाही. मला बोलल्या काही नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

देवळातल्या एका बाईंनी सुचवलं, दहीभात घालून बघ. दुसरी म्हणाली, पनीर. हसू नका, त्या मनापासून सांगत होत्या. ही जात जास्वंदीचं पान अधूनमधून खाते, पण तेवढ्यावर जगत नाही. तिला शाकाहारी करणं म्हणजे तिला उपाशी मारणं, आणि ते आपल्या पुण्याच्या खात्यावर लिहिणं. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाव्रताचे पाच अतिचार दिलेत: बांधून ठेवणं, मारणं, अवयव छेदणं, बेसुमार ओझं लादणं, अन्नपाणी रोखणं. लहानपणी पाठशाळेत आम्ही ते घोकले होते. आता पाहा, दहीभात घातला तर पाचवा अतिचार. रातकिडे घातले तर रातकिड्यांची हिंसा माझ्या हातून. आणि काहीही घातलं तरी पहिला अतिचार, बंधन, तो जाळीला आणि काचेला सारखाच लागू. एकदा पिंजरा आणला की, निर्दोष असं काही करायला उरतच नाही, हे मला घोकताना कधी कळलं नव्हतं. चूक घडली ती दुकानाच्या दारात. त्यानंतर उरतं ते फक्त कमी वाईट काय याचा हिशोब.

आणि हा हिशोब आम्हा जीवदयावाल्यांना तर मुळीच जमत नाही. आम्हाला एकच उत्तर येतं, सोडून द्या. तिसऱ्या एक ओळखीच्या बाई गाडी घेऊनच आल्या, तापीच्या काठी सोडून येऊ म्हणाल्या. अहो, ही येमेन-सौदीकडची जात. इथे सोडली तर एक तर ती उन्हाने नाहीतर कावळ्याने मरेल, किंवा जगली-वाढली तर इथल्या जिवांच्या मुळावर येईल. अकबराच्या दरबारात हीरविजयसूरी गेले आणि बादशहाने पिंजऱ्यातले पक्षी सोडवले, ही गोष्ट आम्ही अभिमानाने सांगतो. पुढे १६०१ मध्ये आमच्या शेजारचा असीरगड जिंकला तोच हा अकबर. पण सोडलेल्या पक्ष्याला सोडण्यासारखं आभाळ लागतं. पाखरं विकत घेऊन सणाच्या दिवशी उडवतात, तेव्हा पारधी दुसऱ्या दिवशी आणखी पाखरं धरतो, कारण गिऱ्हाईक पक्कं झालंय. पुण्य विकत मिळत असेल तर पाप पिकवणारे कमी पडणार नाहीत.

माझ्या माहेरी ओसरीवर पोपटाचा पिंजरा होता. तारेचा, गोल. हवा खेळती, ऊन भरपूर, पेरू-मिरची ताजी. जाळीवाल्यांच्या कसोटीला पुरेपूर उतरणारा. आम्ही बहिणींनी त्या पोपटाला "जय जिनेंद्र" म्हणायला शिकवलं होतं. येणारे-जाणारे कौतुक करायचे, केवढं संस्कारी घर! बांधून घातलेला जीव बांधणाऱ्यांना रोज वंदन करत होता आणि आम्हाला कुणालाच त्यात काही खटकलं नाही. म्हणून भाच्याला मी फार झापू शकले नाही. त्याची काच नवी आहे, पण पिंजरा टांगायचा खिळा त्याला आमच्याच घरात ठोकलेला मिळाला.

कायद्याचं म्हणाल तर भाच्याचे कागद चोख होते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ ला दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. त्यानंतर अशा परदेशी जातींची नोंद करणं बंधनकारक झालं आणि २०२४ च्या फेब्रुवारीत त्याचे नियम निघाले. परिवेश पोर्टलवर नोंद करायची, पिल्लं झाली, प्राणी मेला किंवा दुसऱ्याला दिला तर तेही कळवायचं. नोंद हवीच, त्याविरुद्ध माझं काही म्हणणं नाही. पण कागद तिच्या मालकाचा असतो, तिचा नाही. आणि आपला देशी कॅमेलियन, ज्याला कुणी घोयरा म्हणतं, कुणी सरडगुहिरा, तो तर कायद्याने संरक्षित आहे. तो धरणं, विकणं, पाळणं गुन्हाच. पोपटाचंही तेच, हे किती ओसऱ्यांवर ठाऊक आहे?

तापीपलीकडे, जैनाबादच्या बाजूला, आहूखाना आहे. आहू म्हणजे हरिण. मोगलांनी तिथे हरणं राखली होती, बागेत, कुंपणात, आपल्या करमणुकीसाठी. १६३१ मध्ये मुमताज महल बुऱ्हाणपुरात बाळंतपणात गेली, तेव्हा तिला आधी तिथेच दफन केलं होतं. आम्ही शाळेत असताना सहलीला जायचो आणि बाई आम्हाला मुमताजबद्दल सांगायच्या. हरणांबद्दल कुणी विचारलं नाही. कुंपण लाकडी होतं की दगडी, हे शोधून काढणारा एखादा अभ्यासक निघेलही. हरणं तिथे का होती, हा प्रश्न अभ्यासाचा धरला जात नाही. नेमिनाथांची गोष्ट आम्ही वर्षानुवर्षं ऐकतो. वरात निघालेली, वाटेत वाड्यात कोंडलेल्या पशूंचा आक्रोश कानी आला, आणि ते मांडवातून नव्हे, वाटेतूनच माघारी फिरले. वाड्याला हवा पुरेशी येते का, असं त्यांनी विचारल्याचं कुठल्याही पुराणात नाही.

तुम्ही म्हणाल, बाई, मग करायचं काय? सांगते. ज्यांच्या घरात असा जीव आधीच आलाय त्यांनी जाळीचा, उंच, झाडाचा पिंजरा करावा, सकाळचं ऊन द्यावं, पाणी थेंबांनी द्यावं, मादी असेल तर मातीचं घमेलं कायम आत ठेवावं, नोंद करावी, आणि ती आहे तोवर निस्तरावं. सोडून देऊ नये, दुसऱ्याच्या गळ्यात मारू नये, जोडी जमवू नये. ज्यांच्या घरात आलेला नाही त्यांनी जाळी की काच हा प्रश्न विचारूच नये. त्यांच्यासाठी त्याचं उत्तर एकच, दोन्ही नको.

जुलैत भाचा तिला न्यायला आला. पिंजरा पाहून खूश झाला, म्हणाला, "मावशी, तू तर एक्स्पर्ट झालीस. आता एक नर आणतो, पिल्लं काढू." मी त्याला चहा दिला आणि त्या एकोणचाळीस अंड्यांचा हिशोब सांगितला. प्रत्येकातून पिल्लू निघालं तर एकोणचाळीस पेट्या लागतील, जाळीच्या किंवा काचेच्या, आणि त्यांच्यासाठी रोज किती रातकिडे, ते त्यालाच करायला लावलं. तो गप्प झाला. पटलं की नाही, ठाऊक नाही.

मग आम्ही गाडी काढून असीरगडाच्या रस्त्याला गेलो. पाऊस नुकताच उघडला होता. वळणावर रस्त्याच्या मधोमध एक देशी घोयरा, एक पाय उचलून, डुलत डुलत, जगाला वेळच वेळ असल्यासारखा चाललेला. मागून ट्रक येत होता. पलीकडे दोन पोरं हातात दगड घेऊन उभी, कारण तो विषारी असतो असं त्यांना घरी सांगितलंय; तो अजिबात विषारी नाही. भाच्याने गाडी आडवी लावली, ट्रकवाल्याला हात केला, पोरांना दटावलं. पाच-सहा मिनिटं लागली असतील. घोयरा पलीकडच्या झुडपात गेला, आणि रंगाने पानात असा मिसळला की, परत दिसला नाही.

सरड्याची धाव कुंपणापर्यंत, असं आपण ज्याची झेप तोकडी त्याला हिणवायला म्हणतो. पण म्हणीतलं कुंपण सरड्याने घातलेलं नाही. त्या दिवशी रस्त्यावर कुंपण नव्हतं, तर त्याची धाव कुठवर आहे ते आम्हाला कळलंसुद्धा नाही. भाचा बराच वेळ त्या झुडपाकडे बघत उभा होता. फोटो काढायचा राहिला, म्हणाला. मी म्हटलं, राहू दे.